भावजी, आता कुठे?

उत्तर युरोपची मोटरसायकल सफर ही मुळात नकाशाची कल्पना.

नकाशा म्हणजे सीटवाला. मोटरसायकलच्या सीट बनवून देण्याचं त्याचं दुकान होतं. पुढे शिलाईचं मशीन, फोमच्या लाद्या, रेक्झिनचे गुंडाळे. आणि मागच्या भिंतीवर, छतापासून थेट टेबलापर्यंत, उत्तर युरोपचा नकाशा. म्हणून मित्रांनी त्याचं नावच नकाशा पाडलं होतं. गाड्या जहाजाने हॅम्बुर्गला पाठवायच्या, तिथून डेन्मार्क ओलांडून बोटीने नॉर्वेत उतरायचं, समुद्राच्या काठाकाठाने वर वर जात नॉर्थ केप गाठायचं, जिथे पुढे रस्ताच उरत नाही, आणि फिनलंड, स्वीडन करत खाली परतायचं. कितीतरी वर्षं तो हे जुळवत बसला होता. कोणती बोट कुठल्या महिन्यात सुटते, कुठल्या दोन पेट्रोल पंपांच्या मध्ये टाकी कोरडी पडू शकते, रेनडिअर रस्त्यावर कुठे आडवे येतात, कोणत्या मुक्कामाला ओले बूट वाळवायची सोय आहे, सगळं त्याला तोंडपाठ. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की त्याला आधी थोडा नॉर्वे ऐकून घ्यावा लागे.

बरोबर चौघं जाणार होते. दातांची डॉक्टरीण, छापखानेवाला, निवृत्त झालेले काका आणि राजा. राजा हा नकाशाचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. टाइल्सचं मोठं शोरूम आणि त्याहून मोठा आवाज. आई त्याला लाडाने राजा म्हणायची. त्याने ते मनावर घेतलं होतं.

जूनच्या तारखा ठरल्या. सगळं सामान लादून एक सराव फेरी काढायची ठरली, आणि तिथेच घात झाला. परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर थांबताना नकाशाचा पाय खडीवर पडला. गाडी उभ्या उभ्या कलली, आणि नकाशा तिच्याबरोबर अगदी सावकाश, सोफ्यावर आडवं व्हावं तसा, आडवा झाला. लागलं काही नाही. जड गाडी उभ्याने कधी ना कधी पडतेच. त्या पाचांपैकी न पडलेला एकही नव्हता. पण राजाच्या हातात नेमका फोन होता. त्याने आधी व्हिडिओ काढला, मग हात दिला.

दुसऱ्या दिवशी त्या व्हिडिओला सर्कशीतलं वाटावं असं संगीत लावून त्याने तो सगळीकडे पाठवला. न्हाव्याच्या दुकानात तो लोक एकमेकांना दाखवत होते. नकाशाची बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची, तिच्या शिकाऊ मुलीनेही तो बघितला आणि "मॅडम, हे तुमचे मिस्टर ना?" असं विचारलं. बायकोने तिला त्या दिवशी चढावर सारखी गाडी थांबवायला लावली.

आठवड्याभरात टायरवाल्याच्या मागच्या खोलीत बैठक झाली. टायरांच्या चळतींवर सगळे बसले होते. राजा गोड आवाजात म्हणाला, "भावजी, राग मानू नका हं. आम्हाला तुमची काळजी वाटते. तिकडे वारा असतो, बर्फाचं पाणी असतं. तुमचं आता वय..."

"काका माझ्यापेक्षा मोठे आहेत," नकाशा म्हणाला.

"पण काकांचा व्हिडिओ नाहीये ना!"

सगळे हसले. काका सर्वांत मोठ्याने हसले. नकाशाने डॉक्टरणीकडे बघितलं, कारण हसली नव्हती ती एकटीच. ती मांडीवरच्या हेल्मेटची काच पुसत होती. म्हणाली, "मत घ्यायचं असेल तर त्यांच्यासमोर नको."

हे तर तोंडात मारल्यासारखं झालं. तो उठला, बाहेर आला आणि घरी निघाला. चौघंच जाणार, हा निर्णय त्याला फोनवर, सफरीच्या ग्रुपवरच कळला. राजाने खाली हात जोडलेला बाहुला पाठवला होता.

घरी त्याने काही सांगितलं नाही, पण बायकोला सांगायची गरजच नव्हती. ती समोरच्या माणसाचा पाय ब्रेकवर जायच्या आधी ओळखायची. "काढलं ना?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. राजा तिचा सख्खा भाऊ. त्याच्याबद्दल मनात आलेलं सगळं नकाशाने जेवणाबरोबर गिळलं. त्या दिवसापासून मात्र त्याने डूख धरला. रेक्झिन कापताना, सुई ओवताना, दात घासताना सुद्धा त्याच्या डोक्यात एकच विषय. याचा वचपा कसा काढायचा?

संधी राजाने स्वतःच्या पायांनी घरी आणून दिली. एका सुट्टीच्या दिवशी तो आपल्या गाडीची सीट काखोटीला मारून आला.

"भावजी, लांबची सफर आहे. मस्त मऊ करून द्या. तुमच्या हातची सर कुणाला नाही."

नकाशा त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. राजाने चहाचा घोट घेतला.

"आणि हो, तेवढा प्लॅन पाठवून द्या. रूट, मुक्काम, सगळं. वरती तुमचं नाव आहे ते काढा, उगाच लोक विचारतात."

"पाठवतो," नकाशा म्हणाला.

"एक छोटासा बदल केलाय. जूनमध्ये माझं टाइल्सचं प्रदर्शन आहे, त्यामुळे आम्ही मे महिन्यातच निघतोय. काही फरक पडत नाही ना?"

नकाशाने तोंड उघडलं. मे महिन्यात फियोर्डच्या, म्हणजे डोंगरात शिरलेल्या खाडीच्या, डोक्यावरून जाणारा तो जुना घाट बर्फाखाली असतो, फाटकाला कुलूप असतं. घाटापलीकडच्या मुक्कामाच्या लाकडी झोपड्या उघडतात त्याच जूनमध्ये. अख्खी सफर जूनसाठी बेतलेली होती; मेमध्ये ती म्हणजे उन्हाळ्याचे कपडे घालून हिवाळ्यात जाणं.

त्याने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडून म्हणाला, "काय फरक पडणार? चहा घे अजून."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला होता.

प्लॅन त्याने तसाच्या तसा पाठवला. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त आपलं नाव काढलं, आणि त्याबरोबर वरच्या बाजूला लिहिलेलं "जून" सुद्धा.

सीटवर मात्र त्याने जीव ओतला. वरचा थर असा मऊ घेतला की बसणारा पहिल्यांदा आहाहा म्हणेल. त्याच्या खाली मधोमध, बोटालाही लागणार नाही अशी, टणक फोमची एक उभी पट्टी चिकटवली. शहरात फिरताना काही कळणार नाही. पण लांबच्या रस्त्यावर वरचा फोम दबत जाईल तशी ती पट्टी हळूहळू वर यायला लागेल. आयुष्यभर लोकांचं बूड सुखात ठेवण्यासाठी त्याने जे जे शिकून घेतलं होतं, ते सगळं त्याने उलटं वापरलं. काम करताना तो चक्क शीळ घालत होता.

बायको दुकानात डबा घेऊन आली तेव्हा सीट स्टँडवर चढवलेली होती. ती जाऊन तिच्यावर बसली. बसून डबा उघडला, त्याला वाढलं, स्वतः खाल्लं, ड्रायव्हिंग स्कूलमधल्या गप्पा सांगितल्या. मग जागच्या जागी थोडी सरकली. पुन्हा सरकली. खाली उतरून तिने मधोमध अंगठा दाबला.

"ही राजाची ना?"

"हो."

"आणि मेमध्ये तो घाट बंद असतो. तुम्हीच सांगायचात मला, जून, जून, जून. त्या दिवशी त्याच्यासमोर का नाही बोललात?"

"त्याने विचारलं, फरक पडतो का. मी चहा विचारला."

तिने सीटवरून हात फिरवला. नकाशाला वाटलं, आता भाऊ म्हणून हिचा जीव तुटणार. ती म्हणाली, "पुढचा भाग जरा उतरता करा. म्हणजे ब्रेक मारला की टाकीवर जाऊन आदळला पाहिजे."

नकाशा थक्क झाला. तेव्हा तिने सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे त्याने ऐकलं नव्हतं. तिच्या माहेरी पहिली मोटरसायकल आली ती तिच्यासाठी. ती कामाला लांब जायची, म्हणून वडिलांनी आणली होती. राजाला गाडी शिकवली तीही तिनेच, मागे बसून, त्याचे खांदे धरून. एक दिवस ती कामावरून आली तर किल्ली राजाच्या खिशात. आई म्हणाली, "मुलगा आहे, त्याला हौस आहे." पुढची कितीतरी वर्षं ती बसच्या रांगेत उभी असताना राजा समोरून हॉर्न वाजवत जायचा. "हात हलवायचा," ती म्हणाली. "हॉर्न वाजवला एक वेळ चालेल. पण हात हलवायचा."

त्या दिवशी सीटचा पुढचा भाग उतरता झाला.

मेमध्ये चौघे निघाले. ग्रुपवरून नकाशाला कुणी काढलं नव्हतं, बहुधा त्याची आठवणच राहिली नव्हती. रोज फोटो यायचे. हॅम्बुर्गचं बंदर, डेन्मार्कमधल्या सरळसोट रस्त्यावर वाऱ्याने तिरकी झालेली झाडं, नॉर्वेच्या बोटीचा भलामोठा उघडा जबडा. प्रत्येक फोटोखाली राजाचं वाक्य: "मी आखलेला रूट!" ते वाचून नकाशाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बायको फोटो मोठा करून बघायची आणि त्याला थंड करायची.

"हे बघा. काका बसलेत, छापखानेवाला बसलाय, डॉक्टरीण बसलीय. राजा उभा आहे. कालही उभाच होता. हॉटेलातसुद्धा उभ्याने कॉफी पितोय."

दोघं लहान मुलांसारखी हसली.

मग एका दुपारी, नकाशा स्कूटरच्या सीटला कडेची पाइपिंगची गोट लावत असताना, दुकानात फोन वाजला. डॉक्टरीण होती. मागे वाऱ्याचा घोंघाट.

"नकाशा, आम्ही घाटाच्या पायथ्याशी आहोत. फाटक बंद आहे. पलीकडे माणसाच्या उंचीचा बर्फ आहे आणि इथे बर्फाचा पाऊस पडतोय. काकांचे ओठ निळे पडलेत. पुढचा मुक्काम फोन उचलत नाही."

"तो जूनमध्ये उघडतो," नकाशा म्हणाला.

पलीकडे तिच्या लक्षात आलं असावं. "तुम्हाला माहीत होतं."

"राजा कुठे आहे?"

"फाटकाच्या बाजूने गाडी घालून बघत होता. घसरून पडला. उभ्या उभ्याच."

"व्हिडिओ काढला का कुणी?"

"नकाशा!"

हा फोन यावा म्हणून तो दिवस मोजत होता. पण त्याने मनात रंगवला होता तो राजाचा फोन. या बाईचा नव्हे, आणि काकांचे निळे ओठ तर नव्हेतच. तो उठून भिंतीपाशी गेला. "लिहून घेऊ नका, फक्त ऐका. आलात तसं मागे वळा. पहिल्या गावातून उजवीकडे, फियोर्डच्या काठाने. मोठा बोगदा लागेल, त्यातून बाहेर पडलात की बोट. बोटीच्या पलीकडच्या धक्क्यासमोर पिवळी इमारत आहे, ती बाराही महिने उघडी असते. काकांना आधी गरम पाण्यात हात बुडवायला सांगा."

"थँक यू. मी सगळ्यांना..."

"सगळ्यांना नाही. तुम्ही, काका आणि छापखानेवाला. राजाला रस्ता हवा असेल तर त्याने मला विचारायचं. स्वतः."

ती म्हणाली, "ठीक आहे."

राजाने विचारलं नाही. "ह्यॅ, भावजींना काय कळतंय तिथे बसून," असं म्हणून तो दुसऱ्याच रस्त्याने निघाला. बाकीचे तिघे वळले ते त्याने आरशातही बघितलं नसणार. नकाशाच्या सांगण्यावरून तिघं त्या पिवळ्या इमारतीत पोचले, गरम सूप प्यायले. त्या दिवसापासून ते रोज सकाळी नकाशाला फोन करून दिवसाचा रस्ता विचारायला लागले. ग्रुपवर आता "मी आखलेला रूट" येईना.

राजाचा फोन दुसऱ्या दिवशी आला, तो बायकोच्या फोनवर. ती तेव्हा डबा घेऊन दुकानात आली होती.

त्याचं असं झालं होतं: फाटकाशी पडला तेव्हा गाडीला लावलेला फोन दगडावर आपटला होता. पडदा काळाठिक्कर. ना मॅप दिसे, ना फोटो काढता येई, ना प्लॅन उघडे. फक्त हेल्मेटमधल्या बोलायच्या यंत्राचं एक बटण चालत होतं. ते दाबून धरलं की शेवटच्या नंबरला फोन लागायचा. शेवटचा नंबर ताईचा होता. आदल्या दिवशी त्याने तिला बोटीच्या बढाया मारायला फोन केला होता.

"ताई, मी कुठे आहे मला कळत नाहीये. इथे पाट्या आहेत, पण अक्षरांच्या डोक्यावर टोप्या आणि पोटात काठ्या खुपसल्यात. वाचता येत नाही. भावजींना विचार ना."

"ते सीट शिवतायत," बायको म्हणाली.

"ताई, प्लीज. भिजलोय गं मी."

"आरशात बघ. मागे कोण आहे?"

"कुणी नाही."

"मी शिकवलं होतं तुला. मागे कोण आहे हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही."

मग तिने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. नकाशाने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"भावजी?"

"बोल."

राजाला पुढचं वाक्य जमवायला वेळ लागला. "भावजी, आता कुठे जाऊ?"

नकाशाला हे शब्द इतके गोड लागले की त्याने त्याला ते पुन्हा म्हणायला लावले. आवाज नीट येत नाही म्हणाला. राजाने पुन्हा म्हटले, मोठ्याने. मग नकाशाने समोर काय काय दिसतं ते विचारून घेतलं, भिंतीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, "डावीकडे वळ. सरळ जा. लाल चर्च लागलं की थांब आणि फोन कर."

"आणि पुढे?"

"पुढचं पुढे."

अशी त्याने राजाच्या नाकात वेसण घातली. एका वेळी एकच वळण. पूल लागला, फोन. बोट लागली, फोन. जिथे नवा फोन मिळू शकेल अशा प्रत्येक मोठ्या गावाला त्याने राजाला वळसा घालायला लावला. "तिकडे रस्त्याचं काम चालू आहे," तो बेधडक सांगायचा. बाकीचे तिघे एक दिवस पुढे होते, त्यांना गाठण्याची राजाची हिंमत नव्हती. फाटकाशी सर्वांसमोर नाक वर करून निघालेला माणूस, आता कुठल्या तोंडाने जाणार? झोपायला कधी मासेमारांची खानावळ, कधी ट्रकवाल्यांची. ती सीट तर त्याच्या बोकांडी बसलेलीच होती. "भावजी, ही सीट जरा..." असं एकदा तो म्हणाला. नकाशा म्हणाला, "नवीन आहे. बसेल हळूहळू."

बायको दुकानातच येऊन बसायला लागली. शिकवणीच्या मधल्या वेळात, डबा घेऊन, फोन समोर ठेवून. फोन वाजला की दोघं एकमेकांकडे बघायची आणि तो थोडा वाजू द्यायची.

एका दिवशी त्यांनी तो उचललाच नाही. म्हणजे बायकोचा हात पुढे गेला होता, नकाशाने तो धरला. "राहू दे," तो म्हणाला. "बघू काय करतो." फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. मग वाजायचाच बंद झाला. नकाशा शिवत राहिला. बायको एका जागी बसेना. भिंतीपाशी जाऊन परत आली, परत गेली.

दुसऱ्या सकाळी फोन आला तेव्हा राजाचा आवाज पार बसला होता. दोन रस्ते फुटत होते तिथे तो वाट बघत उभा राहिला. शेवटी अंदाजाने एक रस्ता धरला, बोट डोळ्यांदेखत सुटली, आणि धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओल्या कपड्यांत पडून राहिला. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. नुसतंच सांगितलं. एरवी प्रत्येक वाक्याला "अरे, मी तर" लावणारा राजा. शेवटी म्हणाला, "भावजी, आता कुठे?"

बायकोचा चेहरा उतरला. तिने फोनवर हात ठेवला. "आता पुरे करा."

"एवढ्यात? अजून नाही."

"माझं उट्टं फिटलं. माझ्यापुरतं फिटलं."

"माझं नाही फिटलं."

तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो जरा दचकला. मग तिने फोन उचलला, स्वतः भिंतीपाशी गेली, आणि बोट फिरवत, अडखळत, पाट्यांवरचे उच्चार चुकवत, भावाला अख्ख्या दिवसाचा रस्ता सांगितला. वाटेतले पेट्रोल पंप सांगितले. मुक्काम सांगितला. "आणि गरम काहीतरी खा," म्हणाली. नकाशा मशीनशी बसून दात-ओठ खात होता. त्या दिवशी दोघं एकाच घरी गेली, पण वेगवेगळी.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकेक वळण सुरू झालं; ते नकाशाने सोडलं नाही. फक्त फोन आला की तो लगेच उचलायला लागला. असं करत करत, समुद्राखालच्या त्या लांबलचक बोगद्यातून पार होऊन, राजा नॉर्थ केपला पोचला. बाकीचे तिघे तिथे आदल्या दिवसापासून थांबले होते. कुणी मिठी मारली नाही. डॉक्टरणीने त्याच्या हातात गरम कप दिला आणि सूर्य मावळत नाही म्हणून काकांनी पडदे लावून घेतले. परतीचा रस्ता त्यांनी एकत्र काढला, नकाशाला फोन करत करत, आणि राजा सर्वांत मागे.

घरी परतल्यावर छापखानेवाला आणि काका मिठाईचा खोका घेऊन दुकानात आले. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ, म्हणाले, तुम्हीच पुढे राहा. नकाशाने खोका परत दिला. "मी जाणार आहे. बायको आणि मी, दोन गाड्या. तुम्ही तुमचं बघा." डॉक्टरीण एकटी आली होती, हात रिकामे. ती म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं." तो म्हणाला, "हो." तिला त्याने चहा दिला. सफरीबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

राजा बरेच दिवस फिरकला नाही. त्याचे फोन थांबल्यावर नकाशाला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं, हे त्याने कुणाला सांगितलं नसतं. दुपारी ठरावीक वेळी तो उगाच बायकोच्या फोनकडे बघायचा.

आणि मग एके संध्याकाळी राजा आला. बायको दुकानातच होती. तो दारातच उभा राहिला.

"शोरूममध्ये कार्यक्रम ठेवलाय," तो म्हणाला. "गिऱ्हाइकं, ओळखीचे लोक, सगळे येणार आहेत. सफरीवर बोलायचंय मला."

"बोल की. बोलण्यात तू पटाईत आहेस."

"फोटो नाहीत माझ्याकडे. फोन मेला होता ना. म्हटलं निदान नुसतं सांगेन." त्याने खाली बघितलं. "पण काय सांगू? लोक विचारतात, कुठून कुठे गेलास? मला सांगता येत नाही. डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, एवढंच आठवतं. एवढा मोठा देश मी पालथा घातला आणि एकाही गावाचं नाव मला येत नाही."

हे नकाशाने योजलं नव्हतं. त्याला फक्त राजाला नाक घासायला लावायचं होतं. आपण त्याची सबंध सफरच काढून घेतली हे त्याला आत्ता, या दारात कळलं. आणि कळल्यावर जे वाटलं ते दुःख नव्हतं. पोट भरल्यावर शेवटचा घास अनपेक्षित गोड निघावा, तसं वाटलं.

"सगळं नको," राजा म्हणाला. "एकच सांगा. एक धबधबा होता. अगदी रस्त्याला लागून, पूल सगळा भिजत होता. तुम्ही म्हणाला होतात, पूल ओलांडून थांब आणि फोन कर. मी फोन लगेच नाही केला. तिथेच उभा राहिलो. आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं मी, भावजी. त्या जागेचं नाव काय?"

बायको नकाशाकडे बघत होती. भिंतीवरची ती जागा त्याने डोळे मिटून दाखवली असती. तिच्यावर वर्षानुवर्षं बोट ठेवून ठेवून कागद तिथे झिजून पांढरा पडला होता.

"लक्षात नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला? लक्षात नाही?"

"एवढी वळणं होती. कुठलं कुठलं लक्षात ठेवायचं?"

राजा थोडा वेळ भिंतीवरच्या नकाशाकडे बघत उभा राहिला. सगळं तिथेच होतं, समोर, आणि त्याला त्यातलं काही ओळखता येत नव्हतं. मग "बरं," म्हणाला, ताईकडे बघून मान हलवली आणि गेला.

मशीनवर झाकण घालत बायको म्हणाली, "सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"काहीच नाही."

"मग?"

नकाशाने खांदे उडवले. दिवा मालवायच्या आधी तो भिंतीपाशी गेला. "जूनमध्ये आपण तिथे थांबू," तो म्हणाला. "पूल ओलांडला की पलीकडे गाड्या लावायला जागा आहे."

"नाव काय त्याचं?"

त्याने तिला नाव सांगितलं. तिने ते म्हणून पाहिलं, चुकलं, त्याने दुरुस्त केलं. मग दोघं दुकान बंद करून घरी गेली.